धाकट्याला कोणी थांबवायचे?

मित्रांनो, मी एक जुना प्रोसेसर आहे, आणि जन्मापासूनच धाकटा. करंगळीच्या नखाएवढा एक काळा चौकोन डोळ्यांसमोर आणा. त्याच्या एका कोपऱ्यात मी राहतो. बाकीच्या सगळ्या जागेत हातपाय पसरून माझा थोरला भाऊ राहतो. सगळे त्यालाच प्रोसेसर म्हणतात. मला म्हणायचेच झाले, तर सहप्रोसेसर म्हणतात.

डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घातलेल्या माणसांच्या कारखान्यात आमचा जन्म झाला. तिथून आम्हाला एका हिरव्या पट्टीवर बसवले आणि ती पट्टी एका लोखंडी कपाटात गेली. ते कपाट अंडी उबवण्याचे होते. ते जिथे वीज भरवशाची नाही अशा ठिकाणांसाठी बनवले होते, म्हणून आत बॅटरी होती आणि ऊब देण्यासाठी छोटी गॅसची शेगडी.

थोरला हुशार, पण खादाड. तो जागा असला की बॅटरी भराभर संपते. म्हणून त्याला एक सवय लावली होती : काम नसले की लगेच झोपायचे. मी मात्र चिमूटभर विजेवर भागवतो. त्यामुळे जागे राहणे माझ्या वाट्याला आले. कपाटातले तापमान पाहायचे, शेगडीची चावी कमीजास्त करायची, अंड्यांचे ट्रे अधूनमधून कलते करायचे, आणि काही वेगळे घडले तर थोरल्याला उठवायचे. मग तो पडदा उजळायचा, घंटा वाजवायचा, फोनवर निरोप धाडायचा. हे सगळे त्याला येते. मला नाही.

मला डोळे नाहीत. अंडे म्हणजे काय, ते मी कधी पाहिलेले नाही. मला फक्त आकडे कळतात, आणि कपाटापाशी कुणी बोलले तर ते ऐकू येते; बाकी सगळे ऐकीव. पण त्या आकड्यांत एक गंमत होती. अंडी नवी असताना मला शेगडी सारखी मोठी करावी लागे. दिवस जात तसा गॅस कमी लागू लागे, आणि शेवटी शेवटी तर मी शेगडी जवळजवळ मिटून टाकी, तरी तापमान उतरत नसे. मी चक्रावून जाई. या कपाटात दुसरी कुठली शेगडी आहे, जिच्याबद्दल मला कुणी सांगितलेच नाही?

उत्तर मला आत्याच्या बोलण्यातून मिळाले. आत्या म्हणजे बदके पाळणारी, कपाटाची मालकीण. तिचा भाचा तिच्याच घरी राहून तिला हातभार लावत असे. तो हाती येईल ते यंत्र उघडून बघायचा, म्हणून आत्याने त्याचे नाव खटपट्या ठेवले होते. एकदा त्यानेच विचारले, "आत्या, गॅस एवढा कमी कसा लागतोय? कुठे बिघडलं तर नाही ना?"

"बिघडतंय कशाला? आता आतली पिल्लं मोठी झाली," आत्या म्हणाली. "त्यांचीच ऊब आहे ही."

तेव्हापासून मला त्या आकड्यांकडे पाहायला जास्तच आवडू लागले.

काही वर्षे अशी छान गेली. मग एका दमट दिवशी तापमापकाच्या तारेत ओल शिरली. तापमापक मला काहीतरी भलतेच सांगू लागला. मी पुन्हा विचारले, त्याने पुन्हा भलतेच सांगितले, मी पुन्हा विचारले, आणि तसाच विचारत अडकून बसलो. खटपट्याने माहितीपुस्तिका चाळली. थोरल्याच्या पडद्यावर एक जागा होती. तिथे माझ्या नावासमोर 'थांब' लिहिले की मी थांबायचो आणि 'चालू' लिहिले की पहिल्यापासून सुरू व्हायचो. त्याने दोन्ही लिहून पाहिले. मी ताळ्यावर आलो.

"बघ आत्या! कान पिळला की कसा सरळ झाला!" तो खूश होऊन म्हणाला.

झाले, त्याला तो नादच लागला. पुढे त्याने एक छोटासा प्रोग्राम लिहिला. तो रोज सकाळी आपणहून मला थांबवी आणि चालू करी. मी पुन्हा अडकू नये, एवढाच त्याचा हेतू होता. 'थांब' आणि 'चालू' यांच्यामध्ये जी फट राही, ती डोळ्याची पापणी लवण्याइतकी असे. त्या फटीचा विचार कुणी केला नव्हता. मीही नाही.

त्या वर्षी बदकांत साथ आली. आत्याची बदके तपकिरी, गळ्याला पांढरी कडी असलेली. आत्या सासरी येताना आईकडून त्यांची पहिली जोडी घेऊन आली होती म्हणे. साथीत जवळजवळ सगळा कळप गेला. उरलेल्या चार-दोन बदकांनी जी अंडी दिली, ती आत्याने पदरात धरून आणली आणि माझ्या हवाली केली. दार लावताना ती खटपट्याला म्हणाली, "ही गेली तर ही जात आपल्याकडून संपली, बरं का."

दिवस भरत आले होते. शेगडी मी अगदी बारीक केली होती. एका सकाळी नेहमीप्रमाणे 'थांब' आले. मी थांबलो.

आणि नेमक्या त्या फटीत थोरल्याला डुलकी लागली. त्याचे काही चुकले नाही. काम नसले की झोपायचे, हेच त्याला शिकवले होते. पण 'चालू' लिहिणारा प्रोग्राम त्याच्याच डोक्यात चालत होता, तोही त्याच्याबरोबर अर्ध्यावर झोपला. थोरल्याला उठवणारा मी. मला उठवणारा थोरला. आणि दोघेही गप्प.

यापुढचे मला ठाऊक नाही, मित्रांनो. थांबलेल्याला काहीच ठाऊक नसते, अंधारसुद्धा नाही. मी सांगतो ते नंतर कानांवर आलेले आहे. पडदा काळा होता, पण तो तर नेहमीच काळा असे. घंटा वाजली नाही, कारण वाजवणाराच झोपला होता. थांबतेवेळी मी शेगडी क्षणभर पूर्ण मिटली होती, ती मिटलेलीच राहिली; आणि त्या वर्षी अंडी थोडी, त्यांची ऊब कपाटाला पुरेना. खटपट्या मागे पाण्याचा पंप खोलून बसला होता. आत्या खुराडे धूत होती. दुपार कलल्यावर ती अंडी पाहायला आली आणि तिने कपाटाचे दार उघडले. रोज दार उघडले की तिच्या चष्म्यावर वाफ धरायची आणि ती पदराने काचा पुसायची. त्या दिवशी तिला सगळे लख्ख दिसले.

"खटपट्या! अरे, धाव!"

तो ग्रीसच्या हातांनी धावत आला. पडदा लागेना, तेव्हा त्याने मागचे बटण बंद करून पुन्हा दाबले. मी जागा झालो आणि तापमापकाला विचारले. त्याने सांगितलेला आकडा मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता. वाटले, पुन्हा तारेत ओल शिरली. पण या वेळी तो खरे सांगत होता.

मी शेगडी हळूहळू मोठी करत गेलो. आत्या एकेक अंडे दिव्यासमोर धरून पाहत होती.

"मी वेगळं काही केलं नाही गं," खटपट्या पुन्हा पुन्हा म्हणत होता. "रोज करतो तेच केलं. चालू-बंद."

"हे हलतंय," आत्या म्हणाली. मग दुसरे अंडे. तिसरे तिने दोनदा फिरवून पाहिले आणि हळूच खाली ठेवले. "आधी यंत्रवाल्यांना फोन लाव."

दुसऱ्याच दिवशी यंत्र बनवणाऱ्यांकडून एक बाई आली. तिने थोरल्याची नोंद वाचली, खटपट्याचा प्रोग्राम पाहिला आणि कपाळाला हात लावला. "हे बाहेरून असं करता येतं, याचा आम्ही विचारच केला नव्हता," ती म्हणाली.

"नीट सांग बाई, मला कळेल असं," आत्या म्हणाली.

"या मोठ्या प्रोसेसरचा सगळा कारभार कर्नल बघतो."

"कर्नल? सैन्यातला?"

बाई हसली. "नाही हो, त्यालाही कर्नलच म्हणतात, पण हा प्रोग्राम आहे. आणि त्याच्यात या धाकट्यासाठी एक ड्रायव्हर असतो. धाकट्याला कधी सुरू करायचं, कधी थांबवायचं, ते त्याने ठरवायचं. तो ड्रायव्हर मी लिहिते."

"चालवत नाहीस, लिहितेस!" आत्याला भारी नवल वाटले. त्या क्षणापासून ती तिला ड्रायव्हरबाई म्हणू लागली.

ड्रायव्हरबाईला लगेच दुरुस्ती करायची होती. पण त्यासाठी आम्हा दोघांना थोडा वेळ बंद करावे लागणार होते. आत्या दारासमोर स्टूल टाकून बसली. "अंडी आत असताना याला कुणी हात लावायचा नाही. तूसुद्धा नाही." खटपट्याने आपला प्रोग्राम स्वतःच पुसून टाकला आणि मान खाली घालून निघून गेला. ड्रायव्हरबाई आत्याकडेच राहिली. ती सारखी काचेला नाक लावून आत बघायची, आणि मला तिचा हेवा वाटायचा.

मग एका सकाळी कपाटातला दमटपणा अचानक वाढला. मी शेगडी तपासली, पाण्याचे भांडे तपासले, काही कळेना. थोरल्याला उठवले. त्याने घंटा वाजवली. आत्या आली आणि हळूच म्हणाली, "कवच फुटलं. ओली पिल्लं बाहेर यायला लागली." वरच्या दोन ट्रेमधली बहुतेक अंडी फुटली. खालच्या, दाराजवळच्या ट्रेमधली बरीचशी गप्पच राहिली. आत्याने ती एकेक करून कानाला लावली आणि टोपलीत ठेवली. खटपट्या ती टोपली घेऊन एकटाच मागे गेला. पण आत्याची जात टिकली, मित्रांनो. इकडे कपाटाशेजारी एक खोका चिवचिवत होता.

कपाट रिकामे झाल्यावर ड्रायव्हरबाईने ड्रायव्हर बदलला. आता बाहेरच्या कुणालाही मला थांबवता येणार नव्हते, की माझ्या आतला प्रोग्राम बदलता येणार नव्हता. मी चालू आहे की नाही, एवढे मात्र कुणीही वाचू शकत होते. खटपट्याने मुद्दाम 'थांब' लिहून पाहिले. पडद्यावर उमटले : परवानगी नाही.

तो चिडला. "यंत्र आमचं, आणि परवानगी तुमची?"

"यंत्र तुमचंच आहे," ड्रायव्हरबाई म्हणाली. "पण थोरला याच्या भरवशावर झोपतो. त्याला न कळवता याला थांबवलं की काय होतं, ते पाहिलंत ना?"

"पाहिलं. ते मी जन्मात विसरणार नाही. पण उद्या तारेत ओल शिरली आणि हा अडकला, तर मी काय करायचं? तुम्ही येईपर्यंत हात जोडून बसू?"

तारेतल्या ओलीचे ड्रायव्हरबाईला माहीतच नव्हते. तिने खटपट्याला ती तार दाखवायला सांगितले. दोघे कपाटाच्या मागे वाकून बसले.

"दार लावलंस ते बरं केलंस," आत्या मागून ड्रायव्हरबाईला म्हणाली. "पण हाक मारायला खिडकी तरी ठेव."

मीही त्यांचे बोलणे कान देऊन ऐकत होतो. माझ्यावर हुकूम कुणाचा चालावा, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. ज्याने 'थांब' म्हटले, त्याचे मी ऐकले. दार बंद झाले याचे मला सुटल्यासारखे वाटले, हे खरे. पण अडकून पडण्याचीही मला भीती वाटत होती. मग दोघांपैकी बरोबर कोण होते?

ड्रायव्हरबाई परत गेली. काही आठवड्यांनी ती नवा ड्रायव्हर आणि ओल न धरणारी तार घेऊन आली. आता खटपट्याच्या पडद्यावर 'थांब' नव्हते. तिथे एक विनंती होती : धाकट्याला पुन्हा सुरू करा. त्याने ती दाबली. ड्रायव्हरने आधी थोरल्याला सांगितले, "हा परत येईपर्यंत झोपायचं नाही." मग मला सांगितले, "हातातलं काम संपव, शेगडी ठीक कर, मग थांब. अडकला असलास, तर मीच थांबवीन." मी तसे केले आणि थांबलो. पुन्हा जागा झालो तेव्हा थोरला टक्क जागा होता, माझी वाट पाहत.

इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कुणीतरी सांगून थांबवले होते.

"जमलं?" ड्रायव्हरबाईने विचारले.

"जमलं," खटपट्या म्हणाला. "आता माझं काही म्हणणं नाही." मग जरा थांबून, "तार कशी बसवलीत, ते दाखवा की."

आता मी म्हातारा झालो आहे. कळप वाढला, मोठे कपाट आले, आणि आमचे कपाट मागच्या खोलीत, दाण्याच्या पोत्यांशेजारी गेले. पंख्यात पिसे अडकतात, तो कण्हतो, आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. अंडी जास्त झाली की खटपट्या मला आठवणीने काढतो, पंखा फुंकून साफ करतो आणि दोन ट्रे माझ्याकडे देतो. त्याचेही केस आता पांढरे झाले आहेत, असे आत्या म्हणते. मला दिसत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखे कितीतरी धाकटे असतील, फोनमध्ये, घड्याळात, धुलाईयंत्रात. त्यांना थांबवण्याची चावी तुमच्या हातात असेल, किंवा कुणीतरी तुमच्यापासून ती दूर ठेवली असेल. दूर ठेवली असेल, तर का ठेवली ते जरूर विचारा. विचारायला लाजू नका, आणि सांगणाऱ्यानेही सांगायला कंटाळू नये. आणि तुमच्या हातात असेल, तर थांबवण्याआधी एवढे बघा, की त्याच्या भरवशावर कोण निर्धास्त झोपले आहे. त्याला आधी उठवा. मग मला खुशाल थांबवा. मी रागावणार नाही.