दोघांची राखण

२०१८चा फेब्रुवारी. इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकच्या एका हॉस्पिटलमागे, ओल्या बाकावर रिस्पाबाईंनी रेनकोट अंथरला आणि त्या शवागाराच्या दाराकडे तोंड करून बसल्या. आत त्यांचा मुलगा यतीन होता. शेजारी वीर, त्याचा मित्र. अपघात झाला तेव्हा गाडी यतीन चालवत होता, तेही पिऊन. कॉरोनरची, म्हणजे मृत्यूच्या कारणाची सरकारी चौकशी होईपर्यंत दोघांनाही नेता येणार नव्हतं.

दारातल्या माणसाला त्या रोज विचारत, "बोथ ऑल राइट?" तो मान हलवी.

रिस्पा हे नाव आजोबांनी ठेवलेलं. ते राहुरीला चर्चचे पाळक होते. बाकी नाती रूथ, एस्तेर. हिच्या वाट्याला मात्र बायबलातल्या शौल राजाची उपपत्नी. शौलाच्या पापापायी पुढच्या राजाने, दाविदाने तिचे दोन मुलगे फासावर दिले, आणि सोबत शौलाच्या लेकीचे पाच. ती खडकावर गोणपाट अंथरून बसली, प्रेतांवरची पाखरं हाकलत. शाळेत मुली चिडवत, तेव्हा आजोबा म्हणत, "पाच तिचे नव्हते गं. तेवढं ध्यानात ठेव."

एका दुपारी लंडनमधल्या एजवेअरहून वीरची आई आली. मंजिरी. इतके दिवस तिने रिस्पाबाईंचा फोन उचलला नव्हता.

"तुम्ही इथे कशाला बसता?"

"आत बसू देत नाहीत म्हणून."

"तुमच्या मुलाने माझा वीर मारला."

"हो."

मंजिरी भांडायच्या तयारीने आली होती. त्या एका शब्दानंतर ती दाराकडे वळली.

"रोज निघायचे मी," ती म्हणाली. "मोटरवेवरच्या सर्व्हिसेसच्या थांब्यापर्यंत यायचे आणि परत फिरायचे. पुढे येववतच नव्हतं हो. एकटा पडला तो. थंडीत, एकटा."

"एकटा नव्हता." कचऱ्याच्या डब्यावर कबुतर बसलं होतं. रिस्पाबाईंनी मफलर झटकून ते उडवलं. "दोघांची खबरबात घेतल्याशिवाय मी बसत नाही."

मंजिरी दाराकडे बघत उभी राहिली. बसली नाही. मग गाडीकडे गेली.

वीरला आधी सोडलं. शुक्रवारी मंजिरी त्याला घेऊन गेली. यतीनचं अजून काहीच ठरत नव्हतं. सोमवारी रिस्पाबाई घरातून उशिराच निघाल्या. आता विचारायचं ते एकाचंच.

बाक कोरडा पुसलेला होता. एका कडेला मंजिरी, मांडीवर चहाचा फ्लास्क.

"विचारलं मी," दाराकडेच बघत ती म्हणाली. "ठीक आहे म्हणाला."

रिस्पाबाईंनी रेनकोट तिच्याही खाली सरकवला.

यतीनला मार्चमध्ये बेसिंगस्टोकलाच पुरलं. वीरच्या अस्थी उन्हाळ्यात मेडनहेडपाशी थेम्समध्ये सोडल्या. तेव्हा काठावर दोघी होत्या. रिस्पाबाई २०२३ला गेल्या, लेकाशेजारी आहेत. मंजिरीने यतीनला अजून माफ केलेलं नाही. कुणी विचारलं तर तसंच सांगते, आणि दर महिन्याला एजवेअरहून येऊन दोन्ही थडग्यांवरची पानं झाडते.