बिनवायरीचा बंगला

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आकाराम चौगुल्यांचं लेथमशिनांचं युनिट जोरात चालायला लागलं, तसा त्यांनी कोल्हापुरात नव्या कॉलनीत बंगला बांधला. जिन्याला पांढराशुभ्र संगमरवर, छताला पीओपीची फुलं, आणि सगळ्यांवर एकच हुकूम, "या घरात कुठं वायर दिसली न्हाय पायजे." वायरमन म्हणाला, वरच्या मजल्यापर्यंत एक जादा पाइप भिंतीत टाकून ठेवूया, पुढं लागतोय. आकाराम म्हणाले, "पाइप असला की कुणाला तरी वायर ओढायची बुद्धी व्हणार. नगोच."

वास्तुशांतीला अख्खी गल्ली जेवून गेली. शेजारच्या कांबळ्यांना बोलवायचं तेवढं राहून गेलं. प्रसेनजीत कांबळे इंजिनियरिंग कॉलेजात शिकवायचे, बायको अक्षता बँकेत होती आणि सोनम नावाची त्यांची मुलगी तिसरीत. नंतर महिन्याभरात दोन घरांमधली कुंपणाची भिंत चांगली दोन हात वर चढली. "कुत्री येत्यात," असं आकारामांनी गवंड्याला सांगितलं. कांबळ्यांकडं कुत्रं नव्हतं. गवंड्यालाही ते माहीत होतं, पण त्याला मजुरी विटा रचायची मिळत होती, विचार करायची नव्हे.

पुढं पुण्याच्या कंपन्यांनी कळवलं की इथून पुढं ड्रॉइंग आणि ऑर्डरी ईमेलवरच येतील. आकारामांची मुलगी वर्षाराणी एमबीए करून आली होती. वरच्या मजल्यावरची एक खोली ऑफिस म्हणून तिला मिळाली, तिथं मोठा कॉम्प्युटर बसला. इंटरनेट मात्र फोनच्या लाइनीवरनं यायचं आणि फोन होता खाली हॉलमध्ये. जोडणीवाल्या माणसानं नेटचं डबडं फोनशेजारी शोकेसमध्ये ठेवलं आणि म्हणाला, "वरपर्यंत वायर न्यावी लागंल. जिन्याच्या कडंनं क्लिपा मारून देतो."

संगमरवराच्या जिन्यावर म्हैस बांधतो म्हणाला असता, तरी आकारामांनी त्याच्याकडं तसं बघितलं नसतं.

ते तडक शाहूपुरीत गेले. तिथल्या कॉम्प्युटरच्या दुकानदारानं पेनड्राइव्हएवढी एक काडी हातावर ठेवली. "ही कॉम्प्युटरच्या मागं खुपसायची. हवेतनं नेट येतंय." हवेतनं येतंय, हे आकारामांना एकदम पटलं. वायर लोकांच्यात असते. आपल्यात हवेतनं.

काडी खुपसली. नेट आलं, अर्धा मेल उघडला आणि गेलं. परत आलं, परत गेलं. दोन दिवस वर्षाराणी कॉम्प्युटरपुढं दातओठ खात बसली आणि मग खाली येऊन म्हणाली, "आबा, डबडं शोकेसमध्ये हाय, शोकेसला मागं आरसा हाय, वर जाडजूड स्लॅब हाय. वर येणार कसं? जिन्याच्या वळणावर ठेवूया."

"मग फोनची वायर तिथवर दिसंल की."

"दिसंल."

"मग न्हाय जमणार."

शिवाय शोकेसमध्ये साखर कारखान्याच्या अध्यक्षांबरोबर काढलेल्या फोटोशेजारी ते डबडं हिरवे दिवे लावून बसलं होतं. आल्यागेल्याचं तिकडं लक्ष जायचं. ते हलवायचं आकारामांच्या जिवावर आलं.

आठवडा गेला आणि एके दिवशी वरच्या खोलीत नेट असं काही सुरू झालं की मेल दाबायच्या आत उघडायला लागला. वर्षाराणी काही बोलली नाही. आकाराम बोलले. "नव्या मशिनीला रुळायला येळ लागतोय," त्यांनी बायकोला, शालूबाईंना समजावून सांगितलं. मग पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला वरच्या मजल्यावर न्यायचं आणि कॉम्प्युटरच्या मागची बाजू दाखवायची, असा नेमच पडला. "बघा, नेटची वायर हाय का कुठं?" पाहुणा बिचारा वाकून बघायचा, नाही म्हणायचा, आणि मगच त्याला चहा मिळायचा.

पावसाळ्याच्या तोंडाला पुण्याच्या एका कंपनीचे खरेदी अधिकारी युनिट बघायला आले. आकारामांनी त्यांना तांबड्या-पांढऱ्या रश्शाचं जेवण घातलं आणि वर नेलं. अधिकाऱ्यांनी लॅपटॉप काढला. "चौगुले साहेब, नवीन ड्रॉइंग मेलवर आहे. तुमच्या नेटला जोडतो. इथं दोन नावं दिसतायत. चौगुले आणि कांबळे."

"चौगुले," आकाराम म्हणाले. यात विचारायचं काय, हे त्यांना कळेना.

"ते लागत नाही, सिग्नल फार कमी आहे. आणि तुमचा कॉम्प्युटर तर कांबळेला जोडलाय. त्याचा पासवर्ड काय?"

वर्षाराणी मैत्रिणीच्या लग्नाला गडहिंग्लजला गेली होती. आकारामांनी तिला फोन लावला आणि दाराकडं तोंड करून विचारलं, "आपल्या नेटचा पासवर्ड काय?"

"आबा, मी आल्यावर बोलूया का?"

"सायेब बसल्यात. सांग."

"लिहून घ्या. जे. ए. आय."

"जे, ए, आय," आकारामांनी मोठ्यानं सांगितलं. अधिकारी टाइप करत होते. "बी, एच, आय, एम. पुढं एकोणीस छप्पन." एकेक अक्षर सुटंसुटं म्हणताना त्यांना त्याचा काही अर्थ लागला नाही. अधिकाऱ्यांनी जुळवून वाचलं. "जयभीम एकोणीसशे छप्पन. लक्षात राहायला सोपा आहे." आणि त्यांनी ड्रॉइंग उघडलं.

पुढचा तासभर आकाराम काय बोलले, हे त्यांना स्वतःला आठवत नव्हतं. ऑर्डर मात्र मिळाली.

वर्षाराणी परत आली तेव्हा ते हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते. "भिकाऱ्यासारखं मागायला गेलतीस? आणि त्यांच्याकडं?"

"गच्चीवरनं बोलणं झालं. अक्षतावहिनी म्हणाल्या, त्यात काय, घ्या की. त्यांचं डबडं वरच्या खोलीत खिडकीजवळच हाय, म्हणून आपल्याकडं चांगलं येतंय."

"आजपास्नं बंद."

"बरं. मग वायर ओढूया."

वायरमनला बोलावलं. तो म्हणाला, पीओपी फोडा, न्हायतर जिन्यावरनं काळी वायर जाईल. आकारामांनी एकदा छताकडं बघितलं, एकदा जिन्याकडं. त्याला वाटेला लावलं. चार दिवस वरच्या खोलीत नेट नव्हतं आणि पुण्याचे फोन येत होते. पाचव्या दिवशी जेवताना ते ताटाकडं बघत म्हणाले, "ते चालू कर." कुठलं, हे वर्षाराणीनं विचारलं नाही. शालूबाईंनी आमटी वाढताना तोंडाला पदर लावला, ठसका लागल्यासारखा.

दसरा जवळ आला तशी वर्षाराणीनं बातमी आणली की कांबळे मंडळी दीक्षाभूमीला नागपूरला जाणार, परतताना नातेवाइकांकडं राहणार, आणि जाताना घरातलं सगळं बंद करून जाणार. नेमकी त्याच आठवड्यात पुण्याची ड्रॉइंग यायची होती. आकाराम रात्रभर तळमळले आणि सकाळी धुवट पांढरा शर्ट घालून शेजारच्या फाटकात उभे राहिले. वर्षाराणी बरोबर होती.

"या काका, आत या," प्रसेनजीत म्हणाले.

अक्षतानं चहा आणला. "शुगर हाय," आकाराम म्हणाले. घरी ते दिवसाला चार कप घ्यायचे, दोन चमचे साखर घालून. वर्षाराणीनं आपला कप घेतला आणि मग शांतपणे त्यांचाही घेतला.

आकारामांनी हवापाणी, कॉलेज, रस्त्यावरचे खड्डे असं सगळं विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "जाताना नेट तेवढं चालू ठेवलं तर बरं व्हईल."

"ठेवतो की," प्रसेनजीत म्हणाले. "पण लोडशेडिंग आहे. लाइट गेली की बॅटरी संपून आमचा यूपीएस बंद पडतो आणि आल्यावर हातानं बटण दाबावं लागतं. किल्ली ठेवून जातो. तुम्ही दाबाल ना?"

त्या आठवड्यात वर्षाराणी दिवसभर युनिटवर असायची. शालूबाईंना गुडघ्यांमुळं जिना चढवत नव्हता. म्हणजे दाबायला आकारामच.

लाइट रोज जायची. आली की आकाराम किल्ली घेऊन निघायचे. कुंपणाची भिंत उंच करून घेतल्यामुळं मधनं जायची सोय नव्हती, तेव्हा पुढच्या रस्त्यानं, गल्लीच्या देखत. वरच्या खोलीत यूपीएस जमिनीवर होता. त्याच्या वर भिंतीला बाबासाहेबांची मोठी तसबीर, शेजारी बुद्धाची मूर्ती. बटण दाबायला पुरं खाली वाकावं लागे. पहिल्या दिवशी त्यांनी पायाच्या अंगठ्यानं दाबून बघितलं. जमलं नाही. मग वाकले. दिवसाला दोनदा वाकले. समोरच्या बंगल्यातले रिटायर मास्तर अण्णासो खिडकीतनं हे बघायचे आणि संध्याकाळी फाटकाशी विचारायचे, "काय आकाराम, रोज दर्शनाला?"

"शेजारधर्म हाय," आकाराम म्हणायचे आणि पायाखालचा खडा बाजूला सारायचे.

ड्रॉइंग आली, माल गेला. कांबळे परतले, अक्षतानं संत्र्याची बर्फी पाठवली. ती शालूबाईंनी आणि वर्षाराणीनं संपवली.

दिवाळीनंतर उद्योजकांच्या मंडळात जेवण होतं, आकाराम वर्षाराणीला घेऊन गेले. गप्पा जातीपातीवर घसरल्या, तसे आकाराम पुढं सरकले. "आमच्यात असलं काय न्हाय बघा. शेजारी कांबळे हायत. गावाला जाताना घराची किल्ली कुणाकडं? माझ्याकडं. रोज मी त्यांच्या घरात. एवढा घरोबा हाय."

लोकांनी माना डोलावल्या. शेजारी बसलेल्या कारखानदारानं कौतुकानं विचारलं, "वा. मुलंबाळं किती त्यांना?"

कांबळ्यांची पोरगी रोज फाटकासमोरनं सायकल फिरवायची, हे आकारामांना आठवलं. एकच होती की आणखी एक, हे आठवेना. नाव तर कधी कानावर घेतलंच नव्हतं. त्यांनी वर्षाराणीकडं बघितलं. ती भाताचा घास कालवत होती आणि तिनं मान वर केली नाही.

"हायत की," आकाराम म्हणाले, आणि वाढप्याला हाक मारून त्यांनी आणखी एक पापड मागवला.