दह्याचा काळा घडा

मी घडा बोलतोय. काळा कुळकुळीत, ओंजळीत मावेल एवढा. मुक्काम इंग्लंडातलं साउथहॅम्प्टन, शशिधरच्या स्वयंपाकघरातली खिडकी. जन्म मात्र फार लांबचा, अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या प्युब्लो आदिवासींच्या एका गावातला.

डोलोरिटा आजीनं मला घडवलं. चाकावर नाही हं, हातानं, मातीच्या वळ्या एकावर एक रचून. मग पातळ मातीचा लेप आणि त्यावर गुळगुळीत दगडानं घासणं. तो दगड तिला तिच्या आईनं दिलेला. लेप वाळायच्या आत घासून संपवायचं, मधे थांबायची सोय नाही. शेवटी पेटत्या जाळावर लिदीचा भुगा टाकून मला धुरात कोंडलं, तेव्हा हा रंग आला. वरून लावलेला नाही, आत मुरलेला आहे.

शशिधरची बायको स्वाती तेव्हा तिथं घडे करायला शिकायला आली होती, हॉस्पिटलच्या नोकरीतून दोन आठवडे सुट्टी काढून. आजीनं दगड तिच्या हातात दिला आणि माझी एक बाजू तिच्याकडून घासून घेतली. "याला पाणी लावू नकोस," असं निघताना बजावलंही. गंमत बघा, माझ्या पोटावर, ते लोक पाण्याचा देव मानतात तो नाग काढलाय आणि मला पाणीच सोसत नाही.

मागच्या वर्षी स्वाती गेली. तिचे फोटो पुष्कळ आहेत, पण तिच्या हातचं म्हणून घरात मी एकटाच. शशिधर मला रोज कोरड्या फडक्यानं पुसायचा. तिच्या बाजूवर त्याचा अंगठा जरा जास्त वेळ फिरायचा.

गेल्या महिन्यात स्वातीची आई नागपूरहून आली. जावई ऑफिसात, नात शाळेत. बाईंना दिवस खायला उठायचा. नातीला, सियाला, विकतचं दही आवडत नाही हे कळलं आणि त्यांची नजर माझ्यावर पडली. मातीचं भांडं आधी दिवसभर पाण्यात भिजवायचं, ही त्यांच्याकडची रीत. मोठ्या प्रेमानं त्यांनी मला बादलीत बुडवलं. मी कुणाला हाक मारणार?

संध्याकाळी बाहेर काढून विरजण लावलं. सकाळी मी टेबलावर होतो, अंगभर राखाडी फोड घेऊन. स्वातीच्या बाजूची तर सगळी चमक उडालेली.

"बाबा, तो मम्मीचा पॉट आहे, त्याला पाणी..."

"सिया, बॅग भर आधी," शशिधर म्हणाला.

"शशिधरराव, खाऊन बघा ना. लहानपणी स्वातीला मातीतलंच लागायचं. ती गेल्यापासून मी विरजण लावलं नव्हतं. आज हात वळला."

शशिधरनं दोन वाट्या दही खाल्लं. "छान झालंय, आई," म्हणाला. मग गाडीत जाऊन बसला. बराच वेळ गाडी सुरूच झाली नाही. मला खिडकीतून दिसत होतं.

तेव्हापासून रोज मी धुतला जातो आणि रोज माझ्यात दही लागतं. तो रोज वाटी पुढे करतो, बाई आता पोटभर जेवतात. माझ्या बुडाला बारीक चीर गेली आहे. ती शशिधरनं पाहिली आहे, बाईंनी नाही.

रविवारी बाईंचं परतीचं विमान आहे. सियाबाई, तेवढे चार दिवस मला तूच उचल, खालून हात लावून. फुटायला माझी ना नाही. फक्त तुझ्या आजीच्या हातात फुटायचं नाही मला.