दोर देताना

आमच्या धंद्यात बोलणारा मी आणि राबणारा दादा. आसपासच्या कुणाकडे ठिपकेवाला घोडा असला की मी गोड बोलून तो उचलायचा, दादाने घासूनपुसून, चालवून शहाणा करायचा, मग विकायचा. ठिपक्यांसाठी गिऱ्हाईक वेडं असतं. जनावर लंगडं का असेना, अंगावर नक्षी हवी.

दादाचा नियम एकच, आणि त्यापायी मी कैकदा हात चोळत बसलोय. दोर हातात देताना जनावराची खोड मोठ्याने सांगायची. घेणाऱ्याने ‘ऐकलं’ म्हटलं, की मगच दोर सोडायचा. ठरलेला सौदा त्या एका वाक्यापायी मोडायचा. दादा मात्र शांतपणे जनावर आत नेऊन बांधायचा.

निवृत्त मास्तरीणबाईंची घोडी जवळजवळ पांढरीच होती. पोटाशी आणि मांड्यांवर चारदोन करडे ठिपके. बाईंचे गुडघे गेले, म्हणून त्या विकत होत्या. आमचा नियम त्यांना ठाऊक होता. दोर देताना म्हणाल्या, “उजेड कमी झाला की हिला दिसत नाही. जन्मापासूनच. उन्हं कलली की बाहेर काढू नका.”

“ऐकलं,” मी म्हटलं, आणि त्याच वाक्यावर भाव पाडला.

घरी येऊन दादाला सांगितलं, “गरीब आहे एकदम. खोड म्हणून नाही.” दादाच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्याला कळलं म्हणजे गिऱ्हाइकाला कळलंच. घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेचा मालक घोडी शोधत होता. त्याला मी भर दुपारी बोलावलं. घोडी त्याच्यासमोर इतकी ऐटीत चालली, की त्याने जागच्या जागी होकार दिला. मधला आठवडाभर संध्याकाळचा चारा मीच घातला. दादाला वाटलं, धाकट्याला शेवटी कामाची गोडी लागली.

“दोर देताना काय सांगू रे?” त्याने मला विचारलं.

“सांग, पाणी पिताना नाक मुरडते.”

दादा मनापासून हसला.

पोचवायच्या दिवशी ट्रक बिघडला. मी दुसरीकडे एक घोडा बघायला गेलो होतो. परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि तबेल्यात घोडीची जागा रिकामी होती. वहिनी म्हणाली, “आज पोचवतो असा शब्द दिलाय म्हणाले. तिच्यावर बसूनच गेलेत, तास झाला.”

तो रस्ता दगडाच्या खाणीच्या कडेने जातो. मोटारसायकल कशी पळवली, मला आठवत नाही. खाणीत घोडी ओरडत होती. तिचे पुढचे दोन्ही पाय मोडले होते. जनावरांच्या डॉक्टरने तिला इंजेक्शन देऊन मोकळं केलं. दादासाठी कुणाला काही करायची गरजच उरली नव्हती.

चार दिवसांनी मास्तरीणबाई काठी टेकत आल्या. वहिनीचा हात धरून रडायला लागल्या. “माझंच चुकलं गं. मी तुझ्या दिराला सांगितलं होतं. तुझ्या नवऱ्यालाही वेगळं सांगायला हवं होतं.”

“काय सांगितलं होतं?” वहिनीने विचारलं.

बाई बोलता बोलता थांबल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

“घोडीला अंधार पडला की दिसत नव्हतं,” मी म्हटलं. “मला माहीत होतं.”

वहिनीने हात सोडवून घेतला. आवाज चढवला नाही. “मग यांना का नाही सांगितलंत, भावजी?”

“तो गिऱ्हाइकाला सांगेल म्हणून.”

“हो,” वहिनी म्हणाली. “सांगितलंच असतं त्यांनी.”