आईचं इन्स्पेक्शन

आई शाळेत हेडबाई होती. इन्स्पेक्शन आलं की मोडकी बाकं मागच्या खोलीत आणि हुशार पोरं पुढच्या रांगेत. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी सुंभ जळला आणि पीळ तसाच.

ती एकटी राहते. आरोग्य केंद्राची नर्स घरी येऊन तिला आंघोळ घालते, पायाची जखम धुऊन पट्टी बदलते. तिच्या जोरावरच आईचं एकटीचं बिऱ्हाड चाललंय. ही सेवा पुढे चालू ठेवायची की नाही, हे ठरवायला त्या दिवशी केंद्राच्या मॅडम येणार होत्या. मी आईला बजावलं होतं, रोज जशी असतेस तशीच राहा, दुखतं तिथे दुखतं म्हण.

मी पोचले तर मॅडम आधीच आलेल्या. आई इस्त्रीच्या कपड्यांत, खुर्चीत ताठ. वॉकर कुठे दिसेना. ओट्यावर दुखण्याच्या गोळ्यांचं पाकीट उघडं. एरवी अर्ध्या गोळीला कुरकुरणाऱ्या बाईनं दोन घेतल्या होत्या.

"नर्स नसते तेव्हा आंघोळ स्वतः करता ना, आजी?"

"मग काय शेजारी येऊन घालतात?"

"आणि जिना?"

"रोज उतरते."

मॅडम खूश. मला म्हणाल्या, "कमाल आहे हो तुमच्या आईची. यांना आमची गरजच नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाथरूममध्ये बादलीमागे टॉवेलखाली वॉकर दडवलेला सापडला. तो मी मॅडमसमोर आणून आपटला.

"शेजारणीचा आहे," आई म्हणाली.

"आम्ही पेशंटचा शब्द मानतो," मॅडम म्हणाल्या. बोलायला किती छान! 'सर्वांगीण काळजी' छापलेलं कार्ड गळ्यात, पण त्या सगळ्या अंगांपैकी एक पाय जरा उघडून बघावा, एवढं बाईंना सुचेना.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्या बाहेर गेल्या तशी मी आईवर घसरले. "हात दाखवून अवलक्षण कशाला करतेस? नर्स बंद होईल."

"नापास झाले तर मला वृद्धाश्रमात टाकतील."

"अगं, नापास झालीस तरच नर्स येईल!"

"मला शिकवू नकोस. नापास शाळेला कुणी जास्तीचे मास्तर देत नाही. ती बंद करतात."

तिला हे पटवायला आठवडा लागला असता. मॅडम आत येऊन पर्स उचलत होत्या.

"आई," मी म्हणाले, "मॅडमना दारापर्यंत सोड की. बसल्या जागेवरून निरोप देणं तुला कधी आवडलंय?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी काय करतेय ते तिला लगेच कळलं. तरी पाहुण्यांसमोर नाही म्हणणं तिच्या रक्तात नाही. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ती अर्धवट उठली आणि धपकन बसली. पुन्हा उठली, तेव्हा मॅडमनी धरलं नसतं तर जमिनीवरच गेली असती. त्या गडबडीत पायावरचा कपडा सरकला. पट्टी भिजून पिवळी पडली होती.

"आजी, सांगायचं नाही का?" मॅडम म्हणाल्या. आता विचारतेय शहाणी.

आईच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, ते पुसायलाही तिनं हात उचलला नाही. तिला इतकं लाजवल्याचा मला संताप आला, माझाच. आणि दुसरा रस्ताच ठेवला नाही म्हणून त्या दोघींचाही.

नर्स आता जास्त वेळा येते. ती असताना मी फोन लावला, तर आई तो तिच्याच हातात देते. जखम सुकतेय, असं नर्स सांगते.