विहिरीकाठची बस आणि हिरवा दिवा

या माय, या बाप्पा, जरा जवळ सरका. कीर्तनाला अजून अवकाश आहे, पेटीवाले आत्ताच चहाला गेलेत. तोवर एक गोष्ट सांगतो. घाणीची गोष्ट आहे, आधीच सांगून ठेवतो. नाकाला पदर लावलात तरी चालेल, कान मात्र उघडे ठेवा. त्या दिवशी मी जेवढा भ्यालो तेवढा आयुष्यात पुन्हा कधी भ्यालो नाही.

लातूरला रेल्वेने पाणी आलं ना, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. उदगीरच्या चौकात नव्या जिल्ह्याच्या मागणीचे फलक लागले होते आणि फलकांच्या सावलीत रिकाम्या घागरींच्या रांगा होत्या. आमच्या शरणम्मा अक्कांचं शिवकीर्तन तेव्हा गावोगाव चालू होतं. अक्का सत्तरीकडे झुकलेल्या, मूत्रपिंडाचं ऑपरेशन झालेलं, घडीघडीला उठावं लागे. परगावी त्यांचे फार हाल होत. म्हणून भक्तांनी एक जुनी बस घेतली, नांदेडच्या एका गॅरेजात तिच्यात झोपायच्या फळ्या बसवल्या, चहापाण्याचा ओटा केला आणि मागच्या कोपऱ्यात संडास करून दिला. संडासाखाली, बसच्या पोटाला, मैल्याची टाकी. टाकीत एक तरंगता गोळा. मैला वाढला की गोळा वर चढे आणि ड्रायव्हरसमोरचा दिवा बदले. हिरवा म्हणजे टाकी रिकामी, पिवळा म्हणजे निम्मी, लाल लागला की उदगीर गाठायचं आणि मैला उपसणाऱ्या गाडीत सगळं उतरवून द्यायचं. टाकी, गोळा, दिवा, सगळा जिम्मा आमचा ड्रायव्हर मडिवाळप्पा याचा. मी बसवंत, नुसता टाळकरी.

आता दुष्काळात संडासात तांब्या तांब्या पाणी ओतायचं कसं? अक्काच म्हणाल्या, "लोकांना प्यायला न्हाई, अन् आपण कुठं ओतून राहिलो?" तेव्हापासून पेलाभर पाणी आणि वरून चुलीतली मूठभर राख, असा नेम झाला. राखेनं वास मरतो. सगळ्यांना बरं वाटलं.

तर त्या गावात सप्ताह बसला. गावाचं नाव सांगत नाही, कारण विहीर अजून तीच आहे आणि लोक अजून तिचंच पाणी पितात. गावात सावलीचं झाड एकच, विहिरीकाठचा लिंब. देवाची गाडी म्हणून गावकऱ्यांनी कौतुकानं बस त्याच्याखाली लावून घेतली. विहीर आटलेलीच होती. टँकर यायचा, विहिरीत पाणी सोडायचा, मग घरटी ठरलेल्या वाट्याने बाया पोहऱ्याने शेंदून न्यायच्या. सरपंच सिद्धेश्वर रोज म्हणायचे, "जिल्हा होऊ द्या, नळाला पाणी येतंय का न्हाई बघा." त्यावर एक बाई म्हणायची, "व्हय, टँकरवर नुसतं जिल्ह्याचं नाव बदलंल." आणि सगळा काठ हसायचा.

चौथ्या दिवशी सकाळी मी टाळ पुसत बसलो होतो. मडिवाळप्पा आला. तोंडावर रंग नव्हता.

"बसवंतअण्णा, दिवा हिरवा हाय."

"मग बरं झालं की."

"काय बरं झालं! काल पिवळा होता. टाकी कुणी उपसली न्हाई. मग रातीत मैला गेला कुठं?"

मी त्याच्याकडे बघितलं. मग आम्ही दोघांनीही एकदमच विहिरीकडे बघितलं.

बसखाली वाकून पाहिलं. ओल दिसली नाही. पण ओल दिसणार कशी? ती काळी जमीन, उन्हाळ्यानं फाटलेली. हात कोपरापर्यंत आत जाईल अशा भेगा. टाकीखालूनच एक भेग निघाली होती ती वाकडीतिकडी थेट विहिरीच्या दगडापर्यंत गेलेली. वरून काही सांडलं असतं तर जमिनीनं एका घोटात गिळलं असतं. मडिवाळप्पानं लिंबाची लांब काठी संडासाच्या भांड्यातून खाली टाकीत घातली. ठक्क. काठी कशावर तरी आपटली. वर काढली तर टोकाला करडी भुकटी, ओल नावाला नाही.

"पातळ सगळं निघून गेलं," तो पुटपुटला. "खाली नुसता गाळ ऱ्हायलाय."

काठावर पोहरे खाली जात होते, वर येत होते. खळ, खळ. एरवी हा आवाज मला टाळासारखा गोड लागतो. त्या सकाळी मी वर येणारा एकेक पोहरा मोजत होतो. मी म्हणालो, "आधी नीट बघू, मग बोलू. उगं गावात बोंब कशाला?"

मागून अक्कांचा आवाज आला. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"तुमचं नीट बघून होईस्तोवर किती पोहरे वर येतील, बसवंता?"

त्या काठी टेकत उतरल्या आणि सरळ विहिरीवर जाऊन उभ्या राहिल्या. ज्या आवाजानं त्या हजार माणसं डोलवतात, त्याच आवाजात म्हणाल्या, "माय हो, पोहरे थांबवा. माझ्या बसमधला मैला तुमच्या पाण्यात उतरला असंल. खात्री न्हाई. पण खात्री होईस्तोवर कुणी थेंब पिऊ नका. सरपंच, विहिरीवरच्या जाळीला कुलूप घाला."

कुणी हंडा टाकला, कुणी तोंडातलं पाणी थुंकलं. तारामती नावाची एक तरुण बाई होती, कडेवर लेकरू, लेकराच्या ओठावर अजून पाण्याचा थेंब. तिनं तो थेंब पदरानं पुसला. मग पुन्हा पुसला. मग ओठ लाल होईस्तोवर पुसत राहिली. लेकरू रडायला लागलं.

"आत्ताच पाजलंय हो मी त्याला," ती म्हणाली. "आत्ताच. पोट भरून."

सिद्धेश्वरांनी कुलूप घातलं, किल्ली मुठीत धरली आणि ते अक्कांवर फिरले. "अक्का, टँकर आता परवा! तवर गावाला काय पाजू? देवाची गाडी म्हणून डोळे झाकून उभी करू दिली, अन् तुम्ही संडास आणला व्हय काठावर?"

"खरं हाय तुमचं," अक्का म्हणाल्या.

"खरं हाय म्हणून तहान भागती काय?"

माणसं गोळा झाली. काल ज्यांनी अक्कांच्या पायावर डोकं ठेवलं होतं त्यांतल्या एकानं दगड उचलला. मारला नाही, नुसता हातात धरून उभा राहिला. मला वाटलं, आता बस जाते, आणि बसबरोबर आम्हीही.

मडिवाळप्पा पुढे झाला. "गाडी आधी हितनं हलवू द्या. शाळेम्होरं मुरमाड जागा हाय, तिथं थेंब गळला तरी दिसंल. वरून हळदीचं पाणी ओततो. टाकी फुटली असंल तर पिवळं खाली येईल."

बस हलली ती पालखीपेक्षा हळू. मी मागून पाठीमागच्या चाकाबरोबर वाकून चाललो होतो, डोळे टाकीच्या बुडाशी. प्रत्येक खड्ड्याला माझा जीव निसटायचा. शाळेपुढे थांबल्यावर मी माझं पांढरं धोतर टाकीखाली अंथरलं.

पण पाणी कुठून आणायचं? कुणीतरी म्हणालं, विहिरीतलंच घ्या. सिद्धेश्वर म्हणाले, "जाळी एकदा उघडली की तहानेले सगळेच घुसतील. अन् पाणी चांगलं निघालं तर? कुणाच्या वाट्याचं ओतता?" घराघरात काल भरलेलं थोडं थोडं होतं, पण आता तेच खात्रीचं होतं. ते संडासात ओतायला कोण देणार? सगळे एकमेकांकडे बघायचे टाळत होते.

शाळेशेजारच्या घरातून एक म्हातारी आली. साखराबाई. एकटीच राहायची. डोक्यावर तांब्याचा हंडा, तोंडापर्यंत भरलेला. काल शेंदलेला.

"साखरामावशी, तुमच्याकडं दुसरं हाय का पाणी?" मडिवाळप्पानं विचारलं.

"हाय की, डोळ्यात. घे गुमान." तिनं हंडा उतरवला. "जन्मभर डोईवर पाणी वाहिलं ते बघा कशासाठी, संडासात ओतायला." मग तारामतीकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "त्या पोरीच्या तोंडाकडं बघवंना झालंय मला."

हळद कालवली. मडिवाळप्पानं भांड्यात ओतायला सुरुवात केली. पाणी खाली गेलंच नाही, भांड्यातच तुंबलं. त्यानं काठी घातली, ढोसली, फिरवली. एकदम आत काहीतरी ढासळलं आणि सगळं पिवळं पाणी घटाघटा खाली गेलं. एका दमात. बाहेर सगळ्यांनी तो आवाज ऐकला.

"गेलं," कुणीतरी म्हणालं. "सगळं गेलं."

मी मुरमावर पालथा पडून धोतराकडे बघत होतो. एक थेंब पडला. हात लावला तर माझ्याच नाकावरचा घाम. अक्का शेजारी उकिडव्या बसल्या होत्या, ओठ हलत होते, पण नाम नव्हतं ते. त्या नुसतं "नको, नको" म्हणत होत्या.

"उरलेलं ओत," साखराबाई म्हणाली. "राखून काय करायचंय आता?"

मडिवाळप्पानं हंडा पालथा केला. पाणी थोडं खाली गेलं, थबकलं, आणि मग वर यायला लागलं. भांड्याच्या गळ्यापर्यंत येऊन थांबलं. थांबलं ते थांबलंच. तो ओरडत ड्रायव्हरच्या सीटकडे धावला. हिरवा दिवा विझला होता. पिवळा लागला, आणि आमच्या डोळ्यांदेखत लाल झाला.

टाकी फुटली नव्हती. टाकी भरली होती. पाण्याच्या काटकसरीनं मैला पातळ होईना, राखेचा लगदा भांड्याखाली ढीग होऊन घट्ट बसला. तोच लगदा गोळ्यावर थर थर चढला, म्हणून टाकी भरत आली तरी दिवा पिवळाच राहिला, आणि त्या रात्री वजनानं गोळा पार बुडाला. बुडालेला गोळा रिकामं म्हणून सांगत होता. हळदीच्या पाण्यानं थर सुटला, गोळा वर आला. माझं धोतर कोरडं होतं. तरी सिद्धेश्वरांनी ते उचलून उन्हात धरलं, उलटं केलं, वास घेतला, आणि मगच किल्ली काढली.

सगळा गाव विहिरीकडे धावला. तारामती मात्र जागची हलली नाही. लेकरू छातीशी धरून तिथेच खाली बसली आणि मोठ्यानं रडली. भीती गेल्यावरचं रडणं होतं ते. दगड धरलेल्या माणसानं तो दगड हळूच शाळेच्या भिंतीशी ठेवला.

मडिवाळप्पानं लगेच उदगीर गाठून टाकी उतरवली. राख तेव्हापासून बंद. आता दर उतरवणीनंतर तो लिंबूसत्त्व घातलेलं पाणी टाकीत सोडतो, बस खडबडीत रस्त्यानं नेतो म्हणजे आतलं घुसळून निघतं, आणि काठी घालून बघितल्याशिवाय दिव्याचं काही ऐकत नाही. अंघोळीचं, भांड्याचं पाणी धरून ठेवून तेवढ्यासाठी वापरतो. पुन्हा कुठल्या विहिरीजवळ आमची बस उभी राहिली नाही.

आणि साखराबाई? तिचा हंडा संडासात पालथा झालेला. तो पुन्हा विहिरीवर कोण आणू देणार? दुपारी वाटा घ्यायला ती रांगेत आली ती हातात नुसता तांब्या घेऊन. बायांनी तिला पुढे काढली. तिनं ऐकलं नाही, रांगेतच उभी राहिली. अक्कांनी आपली कळशी तिला दिली, तर म्हणाली, "तुमची ठिवा, तुम्हाला घडीघडीला लागतंय." आणि तारामतीनं आणलेली घागर घेतली.

त्या रात्री अक्कांनी कीर्तनात साखराबाईच्या हंड्याचीच गोष्ट सांगितली, दुसरं आख्यान लावलंच नाही. आता साखराबाई नाही. पेटीवाले आले बघा. तुम्ही घरी जाल, फिल्टरचं गार पाणी ग्लासात ओताल, तेव्हा पहिला घोट घेण्याआधी तिचं नाव एकदा मनात घ्या. साखराबाई. एवढंच.