भुसकट कुणाच्या रानात निघालं

शेळगावच्या मोहनरावांनी एकतीस वर्षं पाटकऱ्याची नोकरी केली. म्हणजे कालव्याच्या चारीवरून सायकल मारायची, दारं उघडायची, दारं पाडायची आणि ज्याची पाळी त्याला पाणी द्यायचं. निवृत्त झाल्यावर बाकीचे देवळात बसतात, पत्ते कुटतात. ह्यांनी ब्लॉग काढला. आता बोला!

ब्लॉगचं नाव 'चारीच्या कडेनं'. सूनबाई निकितानं बारामतीहून नवा मोबाईल आणला, त्याच दिवशी अर्ध्या तासात तो काढून दिला. तेव्हापासून मोहनराव रोज दुपारी ओट्यावर बसतात आणि एका बोटानं टाईप करतात. एका लेखाला तीन तास लागतात, आणि त्यातला एक तास चष्मा शोधण्यात जातो. असे दोनशे अकरा लेख झाले. मारुतीच्या देवळामागचा हौद झाला, लासुर्ण्याच्या बाजारातला भेळवाला झाला, झुंबरतात्यांचा मेलेला बैलसुद्धा झाला.

वाचकांचा विषय मात्र जरा नाजूक होता. सुरुवातीला रोज तीन वाचनं दिसायची. मोहनराव जेवताना बायकोला सांगायचे, "आज तिघांनी वाचलं बरं का." ठमाबाई म्हणायच्या, "वाचू द्या. भाजी वाढू का?" एकदा निकितानं मोबाईल हातात घेऊन बघितलं आणि हसू दाबत म्हणाली, "आबा, ह्यातली दोन वाचनं तुमचीच की. लेख टाकला की तुम्ही स्वतःच दोनदा उघडून बघता." तिनं काहीतरी दाबून ते मोजणं बंद केलं, आणि तिनाचं एक झालं.

पण तो एक मात्र पक्का होता. पहाटे पाचला आकडा शून्य, सहाला एक. दिवाळी असो नाहीतर गावची जत्रा, त्यात खाडा नाही. मोहनरावांचा जीव त्या एकात अडकला. पुण्याच्या धाकट्या लेकाला, अविराजला, त्यांनी फोनवर कौतुकानं सांगितलं, तर तो म्हणाला, "आबा, ते मशीन असतंय. इंटरनेटवरच्या समद्या पानांवरनं फिरत असतंय. माणूस न्हाय त्यो."

मशीन! मोहनराव दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी ठमाबाईंना ठणकावून सांगितलं, "माणूस असंल तर लिवतो. मशीन असंल तर आजपासनं बंद."

"करा की बंद," ठमाबाई म्हणाल्या. "दुपारची वैरण तरी कापून हुईल."

आता माणूस की मशीन हे ओळखायचं कसं? निकितालाही ते जमेना. पण मोहनराव पाटकरी होते, आणि चारीतलं पाणी वाटेत कुठं गळतं हे ओळखायची पाटकऱ्याची एक रीत असते. वरच्या दाराशी पाटीभर भुसकट पाण्यात सोडायचं आणि खाली बांधाबांधानं चालत जायचं. ज्याच्या रानात भुसकट निघालं, त्याच्याकडं पाणी गेलं. ह्या रीतीनं त्यांनी उभ्या नोकरीत सतरा जण धरले होते. शेवटचा धरला तो सोपान. त्याला आता बारा वर्षं झाली. चारी फोडली म्हणून मोहनरावांनी पंचनामा केला, त्या उन्हाळ्यात सोपानची पाळी बंद झाली, आणि गावानं त्याचं नाव चारीफोड्या ठेवलं ते आजतागायत. सोपानच्या लेकाच्या लग्नात अक्षता पडत होत्या, तेव्हासुद्धा मागनं कुणीतरी तोच शब्द टाकला. पंचनाम्यापासून दोघांत अबोला. सतरांपैकी सोळांवर ब्लॉगवर लेख आले. सोपानवर नाही. का, असं निकितानं एकदा विचारलं, तेव्हा मोहनराव चष्मा शोधायला उठले. चष्मा डोळ्यांवरच होता.

तर ह्या खेपेला भुसकट लेखात सोडायचं ठरलं. मोहनरावांनी सहाव्या दारावर लेख लिहिला आणि त्यात ठोकून दिलं, की ह्या दारापाशी पूर्वी मोठी जांभळ होती. तिथं चिंच होती हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. माणूस वाचत असला तर त्याला हे सहनच व्हायचं नाही. कुठंतरी बोलणारच.

लेख टाकला, लिंक गावाच्या ग्रुपवर टाकली. तिसऱ्या सेकंदाला झुंबरतात्यांचा अंगठा आला. संध्याकाळी पारावर गाठ पडली तेव्हा मोहनरावांनी विचारलं, "तात्या, लेख कसा वाटला?"

"लय भारी!"

"झाडाचं पटलं का?"

"झाडं लावलीच पायजेत," तात्या म्हणाले. मोहनरावांनी तात्यांच्या नावावर काट मारली. अविराजनं फोनवर "एक नंबर आबा" म्हणून सांगितलं. त्याच्याही नावावर काट बसली. दोन दिवस असे गेले. पहाटेचा तो एक मात्र आकड्यावर येतच होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोहनराव किटली घेऊन डेअरीवर गेले. दूध मोजायला दिग्विजय बसला होता, दोन लेकरांचा बाप, स्वभावानं गरीब. रांगेत पुढं सोपान उभा. त्यानं मोहनरावांकडं बघितलं नाही, पण किटली काट्यावर ठेवताना दिग्विजयला म्हणाला, "काय एकेक लोकं आसत्यात बघ. चिंचेची जांभळ करत्यात."

मोहनरावांनी किटली खाली ठेवली.

आता अबोल्याची एक शिस्त असते. समोरच्याशी बोलायचं नसतं, पण मधल्या माणसाला सांगायला कुणाची ना नसते. मोहनराव घसा खाकरून म्हणाले, "दिग्विजय, इचार त्यास्नी. रोज पहाटं तेच वाचत्यात का?"

दिग्विजयनं घाबरत सोपानकडं बघितलं.

"सांग त्यास्नी, व्हय," सोपान म्हणाला. "धार काढायच्या आदी वाचतो."

"त्यास्नी म्हनावं, आवडतं का?"

मोहनरावांनी हे विचारलं आणि स्वतःच लाजले. बारा वर्षांचं वैर, आणि ह्यांना पडलंय काय, तर आवडतं का!

"सांग, आवडाया वाचत न्हाय," सोपान म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला. "दोनशे बारा लेख झालं. मेलेला बैल आला, भेळवाला आला. सतरातलं सोळा आलं. मी रोज उघडून बघतो, आज तरी खेकड्याचं लिवलंय का. जांभूळ लिवत्यात, पन खेकडा लिवत न्हायती!"

"कसला खेकडा?" दिग्विजयनं विचारलं. त्याला उत्तर न देताच सोपान किटली उचलून चालता झाला.

मोहनराव घरी आले ते मान खाली घालून. कसला खेकडा, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, आणि दुसऱ्यालाही ठाऊक आहे हे मोहनरावांना आज कळलं. पंचनाम्यानंतर आठ दिवसांनी टेलला, म्हणजे चारीच्या पार शेवटाला, तरीही पाणी कमीच पोचत होतं. मोहनराव एकटेच बघायला गेले, तर सोपानच्या बांधाशी चारीच्या भरावात खेकड्याचं बीळ. आरपार, मनगट जाईल एवढं. सोपाननं चारी फोडलीच नव्हती. मोहनरावांनी इकडंतिकडं बघितलं, चिखल घातला, पायानं चेपला आणि सायकलवर बसले. पंचनामा झाला होता, साहेबाची सही झाली होती. आता कुठं मागं घ्यायचा, असं तेव्हा वाटलं होतं. सोपान उसाच्या सरीत बसून बघत होता, हे त्यांना काय माहीत!

चार दिवस ब्लॉगवर काहीच आलं नाही. मोहनराव मोबाईल हातात घ्यायचे आणि ठेवायचे. शेवटी त्यांनी ठमाबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं सूप बाजूला ठेवलं. "वाईट केलं तुमी," एवढंच आधी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "लिवा की आता."

"अगं, गावाला कळंल."

"अवो, वाचतंय कोन?"

कुणी वाचत नाही ह्याचं आजवर दुःख केलं, त्याच्याच आडोशाला मोहनराव आता बसू बघत होते. दुपारी त्यांनी लेख लिहिला. सगळा लिहिला, सोपानच्या रानात निघालेल्या तुरीच्या भुसकटासकट, बिळासकट आणि पायानं चेपलेल्या चिखलासकट. 'सोपाननं चारी फोडली नव्हती, हे मला बारा वर्षं माहीत होतं,' ह्या वाक्याला एकट्यालाच पाऊण तास लागला. मग लिंक ग्रुपवर टाकली.

तिसऱ्या सेकंदाला झुंबरतात्यांचा अंगठा आला. पाठोपाठ सात अंगठे आले. कुणीतरी फुलांचा गुच्छ पाठवला, एकानं 'हार्दिक अभिनंदन' लिहिलं.

अभिनंदन! मोहनराव त्या अंगठ्यांकडं बघतच राहिले. माणसानं आपलं पाप चावडीवर मांडावं आणि लोकांनी हार घालावा! पहाटे आकडा एक झाला. सोपाननं वाचलं होतं. पण सोपानला तर ते आधीच माहीत होतं. ज्यांनी त्याला चारीफोड्या म्हटलं, त्यातल्या एकानंही वाचलं नव्हतं.

मोहनरावांनी सकाळी किटली घेतली आणि मोबाईलही घेतला. डेअरीवर रांग पुरती भरली होती. झुंबरतात्या होते, पारावरचे सगळे होते, सोपान पार पुढं होता. मोहनराव रांगेत लागले नाहीत. काट्याशेजारी उभे राहिले, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला लागले. पहिल्या दोन ओळींना तात्यांनी सवयीनं "लय भारी" म्हटलं. खेकड्याचं बीळ आलं, तसे तेही गप झाले. चिखलाशी मोहनराव अडखळले. थांबले, उपरण्यानं तोंड पुसलं, पुन्हा तीच ओळ पहिल्यापासून वाचली. दिग्विजय काट्यावरचं दूध मोजायचं विसरला. सोपानचं नाव त्या लेखात अकरा वेळा आलं होतं, आणि चारीफोड्या हा शब्द एकदा, तो चुकीचा आहे हे सांगायला.

वाचून झालं. झुंबरतात्या आपल्या चपलेकडं बघत होते. सोपान पाठमोराच उभा होता. त्यानं किटलीचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग वळला आणि बारा वर्षांत पहिल्यांदा, मधे कुणालाही न घालता, म्हणाला, "मोहनराव, भुसकट तुरीचं न्हवतं. हरभऱ्याचं व्हतं."

"हरभऱ्याचं?"

"व्हय. माझ्याच रानात निघालं, मला म्हाईत न्हाय व्हय? बाकी समदं बराबर हाय."

मोहनरावांनी तिथंच, काट्याशेजारी उभ्या उभ्या लेख उघडला आणि एका बोटानं तुरीचं खोडून हरभऱ्याचं केलं. त्याला जरा वेळ लागला. रांग तोवर थांबली.